चालवणारे हात

रुग्णालयातून घरी सोडताना जो कागद हाती दिला जातो, त्याच्या शेवटी बहुधा एक छोटी ओळ असते : 'फिजिओथेरपी सुरू ठेवावी.' तिच्या वरच्या ओळी घरातील सर्वजण लक्षपूर्वक वाचतात. कोणती गोळी सकाळी, कोणती जेवणानंतर, टाके कधी काढायचे, पुन्हा तपासणीस कधी यायचे, याची नोंद तत्काळ होते. चौविहार पाळणाऱ्या घरात रात्रीची गोळी सूर्यास्तापूर्वी दिली तर चालेल का, हा प्रश्नही डॉक्टरांना तेथेच विचारला जातो. शेवटची ओळ मात्र वाचली जाते आणि कागदाबरोबर घडी होऊन कपाटात जाते. आठ-दहा दिवसांनी पाय जड वाटू लागला, गुडघा वाकेनासा झाला, की घरात विचारणा सुरू होते, "कुणी चांगला मालीशवाला माहीत आहे का?"

या प्रश्नातच घोटाळा आहे. फिजिओथेरपी आणि मालीश या वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय फिजिओथेरपीसाठी एका नव्हे, दोन माणसांची गरज पडू शकते. एक, उपचार ठरवणारा. त्याला फिजिओथेरपिस्ट म्हणतात. दुसरा, ठरलेला उपचार रोज रुग्णाकडून करून घेणारा. तो फिजिओथेरपी सहायक. पहिल्याची पदवी दाराबाहेरच्या पाटीवर दिसते. दुसरा पाटीविना घरात येतो, वृद्ध माणसाच्या शरीराला हात लावतो, आणि त्याच्याविषयी फारसे कोणी काही विचारत नाही. ज्या घरात किरकोळ उधारी देतानाही माणसाची चौकशी होते, त्या घरात असे घडावे, हे नवल आहे.

अंतराचा प्रश्न

मुळशी तालुक्याची रचना पाहिली की या दुसऱ्या माणसाची गरज चटकन ध्यानात येते. तालुक्याचे एक टोक भूगाव, हिंजवडी, माण या बाजूने पुणे शहराला भिडलेले आहे, तर दुसरे ताम्हिणी घाटात सह्याद्रीच्या कड्यावर संपते. मध्ये पिरंगुटचे कारखाने, पौड हे तालुक्याचे ठिकाण आणि पुढे मुळशी धरणाचे पाणी. बाजारगावांत खाली दुकान आणि वर घर अशी व्यापारी कुटुंबांची जुनी राहणी अजून आढळते. त्या घरातील जिना अरुंद व उभा असतो, फरशी गुळगुळीत असते आणि घरातील वडीलधाऱ्यांची बैठक जन्मभर जमिनीवरची असते.

शस्त्रक्रियेची सोय आता दूर राहिलेली नाही. लवळे येथे सिंबायोसिसचे मोठे रुग्णालय आहे, पौडला ग्रामीण रुग्णालय आहे, औंधला जिल्हा रुग्णालय आहे आणि शिवाजीनगरचे संचेती रुग्णालय तर अस्थिरोगासाठी देशभर ज्ञात आहे. त्याचे संस्थापक डॉ. के. एच. संचेती यांनी भारतीय शरीरयष्टी आणि बसण्या-उठण्याच्या सवयी ध्यानात घेऊन 'इंडस' हा कृत्रिम गुडघा विकसित केला. २०१२ मध्ये त्यांना पद्मविभूषण हा सन्मान मिळाला. समाजाला ज्यांचा अभिमान वाटावा अशा नावांपैकी हे एक. परंतु उत्तम गुडघा उत्तम शल्यविशारदाने बसवला तरी काम पुरे होत नाही. शस्त्रक्रिया काही तासांची. गुडघा पुन्हा वाकवणे, सरळ करणे आणि त्याच्यावर भार देऊन चालणे, हे शिकण्यास आठवडे आणि महिने लागतात. ते आठवडे रुग्णालयात जात नाहीत. ते पौडच्या वा पिरंगुटच्या माडीवर जातात.

पदवीधर फिजिओथेरपिस्टने शहरातून रोज तेथे यावे, ही अपेक्षा व्यवहार्य नाही. चांदणी चौक आणि भूगावची कोंडी, त्यात मुळशीचा पावसाळा. एका रुग्णासाठी त्याचा अर्धा दिवस जाईल आणि त्याचे शुल्कही कुटुंबाला झेपणार नाही. रुग्णाला रोज गाडीत घालून शहरात न्यावे, तर पहिल्या पंधरवड्यात तोच प्रवास उपचाराहून जड होतो. म्हणून व्यवहार्य मार्ग उरतो तो असा : फिजिओथेरपिस्टने ठरावीक दिवसांनी तपासावे आणि मधल्या दिवसांत प्रशिक्षित सहायकाने व्यायाम करून घ्यावा. मात्र या दोघांची कामे कोठे वेगळी होतात, हे कुटुंबाला नीट ठाऊक हवे.

दोन पदे, दोन अधिकार

फिजिओथेरपीचे शास्त्र महाराष्ट्राला नवे नाही. पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांसाठी १९१७ मध्ये मुंबईत सुरू झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट पुढे खडकीस आली. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चे, तर पाठीच्या कण्याला इजा झालेल्या जवानांसाठीचे खडकीचे पुनर्वसन केंद्र १९७४ चे. मुंबईत कमला निंबकर यांनी १९५० मध्ये ऑक्युपेशनल थेरपीचे शिक्षण सुरू केले आणि १९५३ मध्ये, पोलिओच्या साथीच्या पार्श्वभूमीवर, जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने के. ई. एम. रुग्णालयात देशातील पहिली फिजिओथेरपी शाळा उभी राहिली. फिजिओथेरपीची पदवी अनेक वर्षे चार वर्षांचे शिक्षण आणि सहा महिन्यांची प्रत्यक्ष उमेदवारी अशा क्रमाने मिळत असे. महाराष्ट्रात या व्यावसायिकांच्या नोंदणीसाठी २००२ च्या कायद्याने स्वतंत्र राज्य परिषद स्थापन झाली. २०२१ मध्ये संसदेने संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि त्यात फिजिओथेरपीला स्वतंत्र स्थान दिले.

सहायकाचे पद सर्वांत काटेकोरपणे बांधले गेले ते अमेरिकेत. तेथे रुग्ण पुष्कळ आणि थेरपिस्ट थोडे, अशी स्थिती झाल्यावर १९६७ मध्ये त्यांच्या व्यावसायिक संघटनेने हे पद मान्य केले. सहायकाला दोन वर्षांचे महाविद्यालयीन शिक्षण आणि परवाना लागतो. तो व्यायाम करून घेऊ शकतो, चालणे शिकवू शकतो, प्रगतीची नोंद ठेवू शकतो. परंतु रुग्णाची पहिली तपासणी करणे आणि उपचाराची योजना आखणे हे अधिकार थेरपिस्टकडेच राहतात. तेथील ज्येष्ठांच्या सरकारी विमा योजनेत २०२२ पासून सहायकाने दिलेल्या सेवेला ठरलेल्या दराच्या ८५ टक्के रक्कम मिळते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या व्यवसाय-वर्गीकरणातही फिजिओथेरपिस्ट आणि सहायक यांचे क्रमांक वेगवेगळ्या गटांत आहेत.

पेढीवरच्या माणसाला ही विभागणी समजावून सांगण्याची गरज नाही. कर्ज मंजूर करण्याचा अधिकार एकाचा असतो आणि रक्कम अदा करून नोंद करणारा दुसरा असतो. दुसरा कमी प्रतीचा नसतो. त्याच्यावाचून एकही व्यवहार पुरा होत नाही. पण त्याने मंजुरीविना रक्कम दिली, तर पेढी बुडण्यास वेळ लागत नाही.

आपल्याकडे घरी येणारा 'सहायक' मात्र अनेक वाटांनी आलेला असतो. कोणी दवाखान्यात वर्षानुवर्षे थेरपिस्टच्या हाताखाली काम करून शिकलेला असतो. कोणी जनरल ड्युटी असिस्टंट हा कौशल्य-अभ्यासक्रम केलेला असतो. त्यात रुग्णाला कूस पालटवणे, उठवणे-बसवणे, स्वच्छता ठेवणे हे शिकवले जाते, पण तो फिजिओथेरपीचा अभ्यासक्रम नव्हे. कोणी फिजिओथेरपीच्या पदवीचा विद्यार्थी असतो. आणि कोणी केवळ मालीश करणारा असून गिऱ्हाईकाला बरे वाटावे म्हणून स्वतःला फिजिओ म्हणवून घेतो. नाव एकच, माल चार प्रकारचा. म्हणून येथे नावावर विसंबून चालत नाही. चौकशीच करावी लागते.

रोजच्या कामाचे स्वरूप

एक घर डोळ्यांसमोर आणावे. समजा, सत्तरीतील सासूबाईंचा उजवा गुडघा बदलला आहे आणि चौथ्या दिवशी त्या घरी आल्या आहेत. थेरपिस्टने येऊन तपासले, व्यायाम ठरवले आणि आठवड्याने पुन्हा येण्याचे सांगितले. दुसऱ्या दिवसापासून सहायक ताई सकाळी येऊ लागल्या.

चांगली सहायक आल्या आल्या हात लावत नाही. ती विचारते : रात्री झोप लागली का, वेदना किती, ताप आहे का, वेदनाशामक गोळी कधी घेतली. मग ती दोन्ही पाय उघडे ठेवून पाहते; सूज, लाली, उष्णता यांची तुलना करते. त्यानंतर व्यायाम. पाऊल घोट्यातून वर-खाली करणे, जेणेकरून पोटरीतील रक्त वाहते राहावे. गुडघ्यामागचा भाग गादीकडे दाबून मांडीचा पुढचा स्नायू आवळणे. पाय सरळ ठेवून उचलणे. टाच गादीवरून सरकवत गुडघा हळूहळू वाकवणे. मग पलंगाच्या कडेला बसणे, वॉकर धरून उभे राहणे आणि चालणे. चालताना ती रुग्णाच्या पुढे राहून हात ओढत नाही. शस्त्रक्रियेच्या बाजूला, किंचित मागे राहते आणि कमरेच्या पट्ट्याला हात ठेवते, म्हणजे तोल गेला तर सावरता येतो. पुढे जिन्याचा सराव येतो : चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी. काठी हाती आली की ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात.

याच बरोबरीने ती घराकडेही पाहते. गुडघ्याखाली मऊ उशी ठेवलेली दिसली तर काढावयास सांगते. उशीने आराम वाटतो, पण गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडतो आणि पुढे सरळ होणे कठीण जाते. वाटेतील पायपुसणे उचलावयास सांगते. स्नानगृहात आधाराचा दांडा आणि उंच कमोड आहे का, हे पाहते. आणि आपल्या घरांतील एक खास अडचण तिच्या ध्यानात येते : घरात चप्पल नाही, त्यात मोजे आणि खाली गुळगुळीत फरशी. यावर उपाय सोपा आहे. न घसरणाऱ्या तळाची नवी जोडी केवळ घरात वापरण्यासाठी वेगळी ठेवावी. देवघर व स्वयंपाकघर यांची मर्यादा राहते आणि हाडही राहते.

अर्धांगवायूचा रुग्ण असेल तर काम आणखी नाजूक. लुळ्या हाताला धरून रुग्णाला ओढून उठवणे ही घरोघरी होणारी चूक आहे. त्याने खांद्याचा सांधा निसटू शकतो. अंथरुणास खिळलेल्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी पालटावी लागते, अन्यथा शय्याव्रण होतात. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेली असेल तर शेकाची गरम पिशवी त्वचा भाजेपर्यंत रुग्णाला कळत नाही. हे सर्व सहायकाला ठाऊक असले पाहिजे, आणि कुटुंबालाही.

'नाही' म्हणणारा सहायक

सहायकाची खरी परीक्षा व्यायाम घेण्यात होत नाही. ती नकार देण्यात होते. तिसऱ्या आठवड्यात घरातील मुलगा अधीर होतो. दिवाळीपूर्वी आईने खाली दुकानात पूजेस बसावे, अशी त्याची इच्छा असते. तो म्हणतो, "ताई, आज जरा जोर लावून गुडघा वाकवून टाका. पैशांची काळजी करू नका." चांगली सहायक नम्रपणे सांगते, "दादा, ते मॅडमना विचारल्याशिवाय मला नाही करता येणार." असे उत्तर देणारी सहायक मिळाली, तर तिला सोडू नये. जी लगेच जोर लावते, सांधे कडकडून मोडून दाखवते, स्वतःच्या अंदाजाने यंत्राचा प्रवाह वाढवते, एखादे तेल वा गोळी सुचवते, ती आपल्या अधिकाराबाहेर रक्कम देणाऱ्या रोखपालासारखी आहे. त्या क्षणी गिऱ्हाईक खूश होते. तूट नंतर दिसते.

ही तूट कधी कधी जिवाशी येते. शस्त्रक्रियेनंतर किंवा दीर्घकाळ अंथरुणात राहिल्यावर पायाच्या खोल शिरेत रक्ताची गाठ होऊ शकते. एका पोटरीला सूज येते, ती दुखते, उष्ण लागते. घरच्यांना वाटते, पाय आखडला, चोळून द्यावा. अशा पायाला मालीश केल्यास गाठ सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. एका पायाची अशी सूज दिसली की चोळणे नाही, व्यायाम नाही, थेट डॉक्टरांना फोन. एकाएकी धाप लागली किंवा छातीत दुखू लागले, तर फोनचीही वाट न पाहता रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक लावावा. जखमेतून स्राव, थंडी वाजून ताप, पडल्यानंतर पायावर भार देता न येणे, चेहरा वाकडा होणे वा बोलणे अडखळणे, ही लक्षणेही त्याच यादीतील. मालीशवाला आणि प्रशिक्षित सहायक यांतील फरक येथे प्रकट होतो. एकाला पाय दिसतो, दुसऱ्याला लक्षण दिसते.

शोध कसा घ्यावा

क्रम महत्त्वाचा आहे. आधी सहायक शोधून मग थेरपिस्टला विचारणे म्हणजे माल उचलून नंतर भाव करणे. प्रथम फिजिओथेरपिस्ट निश्चित करावा. ज्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली तेथील फिजिओथेरपी विभागात, घरी निघण्यापूर्वीच, मुळशी भागात भेट देणारे कोणी आहे का, हे विचारावे. शिवाजीनगरचे संचेती, धनकवडीचे भारती विद्यापीठ, पिंपरीचे डी. वाय. पाटील अशा संस्थांची फिजिओथेरपी महाविद्यालये पुण्यात आहेत. तेथील विभागांतही मार्गदर्शन मिळू शकते. थेरपिस्टला राज्य परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच नसावा. खरा व्यावसायिक त्याने दुखावत नाही.

मग त्याच थेरपिस्टला सहायक सुचवण्यास सांगावे. ज्याच्या कामाची जबाबदारी थेरपिस्ट घेतो, तोच सहायक उत्तम. एखाद्या संस्थेमार्फत सहायक घ्यायचा असेल, तर पहिला प्रश्न हाच : याच्या कामावर देखरेख कोणता फिजिओथेरपिस्ट करणार आणि तो किती दिवसांनी येऊन पाहणार? उत्तर गोलमोल आले, तर तेथेच थांबावे.

सहायकाला प्रत्यक्ष भेटल्यावर काही साधे प्रश्न विचारावेत. शिक्षण कोठे झाले, प्रमाणपत्र आहे का? या प्रकारच्या किती रुग्णांबरोबर काम केले? रुग्ण तोल जाऊन पडू लागला तर काय कराल? कोणत्या लक्षणांवर व्यायाम थांबवाल? शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे प्रमाणपत्राहून अधिक सांगून जातात. ओळखपत्राची प्रत घ्यावी आणि पोलीस ठाण्यामार्फत चारित्र्य पडताळणी झाली आहे का, ते पाहावे. रुग्ण स्त्री असेल तर तिची पसंती आधी विचारावी. पुष्कळ वृद्ध स्त्रिया परपुरुषाचा हात लागणार म्हणून व्यायामच टाळतात आणि कारण मात्र दुखण्याचे सांगतात. पहिल्या दिवशी घरातील एका व्यक्तीने पूर्ण वेळ शेजारी बसावे. संशय म्हणून नव्हे. हीच माणसे पुढे संध्याकाळचे व्यायाम घेणार आहेत, म्हणून.

पैशांचे ठरवावे ते स्पष्ट. दर भेटीमागे किती, भेट किती मिनिटांची, सुट्टी पडली तर काय, थेरपिस्टच्या भेटीचे शुल्क वेगळे का. रोखीऐवजी बँकेतून द्यावे आणि पावती घ्यावी. अनेक आरोग्यविमा पॉलिसींत रुग्णालयातून सुटल्यानंतरच्या ठरावीक दिवसांचा, बहुधा ६० किंवा ९० दिवसांचा, खर्च समाविष्ट असतो. मात्र त्यासाठी डॉक्टरांची लेखी सूचना आणि रीतसर देयके लागतात. त्या शेवटच्या ओळीचे मोल येथेही आहे. ज्या ज्येष्ठांचा आरोग्यविमा नाही, त्यांच्या वैद्यकीय खर्चापोटी, जुनी करपद्धती स्वीकारली असल्यास, वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळू शकते. अट अशी की तो खर्च रोखीने केलेला नसावा. कोणता खर्च त्यात बसेल, हे आपल्या सनदी लेखापालाला विचारावे.

ज्यांना हा खर्च परवडत नाही, त्यांच्यासाठी दारे बंद नाहीत. २०१० पासून केंद्र शासनाचा ज्येष्ठांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे आणि त्यात पुनर्वसनाचाही विचार केलेला आहे. औंधच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. दुकानात काम करणाऱ्या माणसाच्या घरी अशी वेळ आली, तर ही माहिती त्याच्यापर्यंत पोहोचवणे हेही दानच आहे.

रोजमेळ

व्यापारी घराला एक गोष्ट जन्मतः येते : लिहून ठेवणे. तिचा येथे उपयोग करावा. एक साधी वही घ्यावी. तारीख, कोणते व्यायाम, प्रत्येकी किती वेळा, किती पावले चालणे झाले, वेदना शून्य ते दहा यांत किती, सूज वाढली की उतरली, आणि काही विशेष. सहायकाने रोज लिहावे, घरातील एकाने वाचावे, थेरपिस्टने भेटीच्या दिवशी पाहून पुढील आठवड्याचे काम त्याच वहीत लिहून द्यावे. एकाने नोंदवायचे आणि दुसऱ्याने तपासायचे, या रीतीने पेढ्या पिढ्यान्पिढ्या टिकल्या. गुडघ्यालाही ती लागू पडते. तीन दिवस वेदनेचा आकडा चढत असेल, तर ते सांगण्यास कोणाच्या स्मरणशक्तीवर विसंबून राहावे लागत नाही.

या वहीच्या पहिल्या पानावर रुग्णाचे स्वतःचे उद्दिष्ट लिहावे. थेरपिस्ट 'गुडघा नव्वद अंश वाकणे' असे लिहील. सासूबाईंचे उद्दिष्ट वेगळे असते. त्यांना सामायिक करावयाचे असते, प्रतिक्रमणात खमासमणे द्यावयाचे असतात, काउसग्गात स्थिर उभे राहावयाचे असते, दर्शनासाठी मंदिराच्या वा स्थानकाच्या पायऱ्या चढावयाच्या असतात. हे थेरपिस्टला आवर्जून सांगावे. जमिनीवर मांडी घालून बसण्यास किंवा गुडघे टेकण्यास अनुमती कधी मिळेल, वा मिळेल की नाही, हे शस्त्रक्रियेच्या प्रकारावर अवलंबून असते. खुबा बदललेल्या रुग्णाला तर मांडी घालणे आणि फार खाली वाकणे बहुधा वर्ज्यच सांगितले जाते. अठ्ठेचाळीस मिनिटे पाय एकाच स्थितीत ठेवावा का, हा प्रश्न थेरपिस्टचा. खुर्चीवर बसून सामायिक कसे करावे, हा प्रश्न गुरुमहाराजांचा. दोघांनाही विचारले की मार्ग निघतो. न विचारता रुग्णाने एकटीनेच पहाटे खाली बसण्याचा प्रयत्न केला, की अपघात होतो. काउसग्गाची तयारी मात्र सहायकाबरोबर करता येते : पाठीशी भिंत, पुढे खुर्ची, आणि रोज थोडे थोडे स्थिर उभे राहणे.

उपवासाविषयीही तसेच. पर्युषणात किंवा अन्य तिथीला उपवास, आयंबिल असेल, तर ते सहायकापासून लपवू नये. निराहार शरीराला उभे करताना चक्कर येऊ शकते. त्या दिवशीचा व्यायाम हलका करता येतो. मधुमेहाची औषधे चालू असतील, तर उपवासाआधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे.

उरलेले तेवीस तास

जैन परंपरेत अभ्यंतर तपाचे सहा प्रकार सांगितले आहेत, त्यांत वैयावच्च हे एक. रुग्णाची, वृद्धाची, थकलेल्याची सेवा ही तेथे उपकार म्हणून नव्हे, तप म्हणून गणली आहे. सहायक पाऊण-एक तास येतो. उरलेले तेवीस तास घराचे असतात. पगार देऊन व्यायाम विकत घेता येतो, वैयावच्च नाही. संध्याकाळी दुकान वाढवून वर आल्यावर मुलाने आईशेजारी बसून दहा वेळा पाऊल वर-खाली करून घेतले, तर आई ते करते. सूनबाईने "आज किती पावले?" असे विचारले, तर उद्या ती दोन पावले अधिक चालते. शरीर थकले की माणूस स्वतःला घराचा भार समजू लागतो. हा समज कोणत्याही व्यायामाने जात नाही, विचारपूस केल्याने जातो.

आणि सहायकाचाही मान राखावा. दारावर घंटा वाजली की "मालीशवाली आली" असे आतून ओरडले जाते, ते बंद व्हावे. तिला नाव आहे. ताई, दादा ही संबोधनेही आहेत. पावसात भिजून आलेल्याला आधी टॉवेल आणि गरम पाणी द्यावे. महिना भरला की मागावे न लागता पैसे द्यावेत. जी व्यक्ती आपल्या आईचा तोल सांभाळते, तिला घरात बसावयास खुर्ची नसावी, हे शोभत नाही.

फिजिओथेरपी सहायकाचे काम विलक्षण आहे. इतर सर्व धंद्यांत गिऱ्हाईक टिकावे म्हणून खटपट होते. येथे गिऱ्हाईक सुटावे म्हणून होते. ज्या सकाळी सासूबाई कठड्याला हात ठेवून, शस्त्रक्रियेचा पाय आधी टाकत, एकेक पायरी स्वतः उतरून खाली दुकानात गादीशेजारच्या खुर्चीवर येऊन बसतात, त्या सकाळी वहीत शेवटची नोंद होते आणि सहायकाचे येणे थांबते. ती वही मात्र टाकून देऊ नये. घरात दुसरा गुडघा असतोच, आणि शेजारच्या घरातही.